बाटली सोडा, बैठक सोडू नका

(नागभीड येथील जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



सकाळपासून कापसाच्या खरेदीवर बोलणे झाले, विजेवर झाले, रानडुकरांवर झाले. आता माझ्या वाट्याला आलेला विषय दारूचा आहे. विषय ऐकून मागच्या रांगेतले चार-दोन जण तंबाखू मळायच्या निमित्ताने उठायला लागले आहेत. बसा. दारू वाईट आहे हे सांगायला मी उभा नाही. ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे आणि तुमच्या घरच्या लक्ष्मीला तुमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

माझा प्रश्न वेगळा आहे. ज्याने दारू सोडली, त्याने संध्याकाळी बसायचे कुठे?

प्रश्न हसण्यासारखा वाटतो. पण गावोगाव दारू सोडलेले आणि पुन्हा धरलेले जे गडी आपण पाहतो, त्यातले कितीतरी याच प्रश्नापाशी अडखळून पडलेले आहेत. शपथ घेतली, माळ घातली, महिना काढला, दोन महिने काढले. मग पोळा आला, कुणाचे लग्न आले, कापसाचा चुकारा हाती आला, आणि गडी परत जुन्या ठिकाणी. लोक म्हणतात, "मनाचा कच्चा." मी म्हणतो, मन बाजूला ठेवा, आधी त्याच्या गावाचा हिशेब मांडा.

आधी एक खोटे निकालात काढू

या विषयावर बोलायला शेतकऱ्यांच्या संघटना बिचकतात, त्याला कारण आहे. शेतकरी कर्जबाजारी का झाला असे विचारले की कचेरीत बसलेला माणूस सहज सांगून टाकतो, "दारू पितो म्हणून." आत्महत्या झालेल्या घरी चौकशीला येणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो, "दारू पीत होता का?" १ लाखाच्या मदतीला प्रकरण पात्र की अपात्र, याचा निकाल कागदावर व्हायचा असतो आणि दारूचा शेरा पडला की त्या कागदाचे वजन बदलते. म्हणून आपण हा विषय झाकून ठेवतो.

मी सांगतो, झाकू नका. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. उत्पादन खर्च भरून निघत नाही म्हणून शेती तोट्यात आहे. न पिणाऱ्याची शेतीही तोट्यातच आहे, हा त्याचा रोकडा पुरावा. आणि तोट्यातल्या शेतीत जो पितो तो आधी बुडतो, हेही खरे आहे. रोज १०० रुपये धरा. वर्षाचे ३६,५०० झाले. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला. म्हणजे साडेचार क्विंटल कापूस. कोरडवाहूत एखाद्या एकराचे पीक एवढेच येते. पेरणी तुमची, डवरणी तुमची, वेचणी तुमची, आणि एक एकर पूर्ण गुत्त्यावर. त्या एकराचा भाव सरकारने पाडला, व्यापाऱ्याने काटा मारला, असे तिथे म्हणता येत नाही.

आणि सरकारने आपल्याला उपदेश करावा, हे तर नवलच. दारूवरच्या उत्पादन शुल्कातून राज्याच्या तिजोरीत वर्षाला २० हजार कोटी रुपयांहून जास्त जमा होतात. एका हाताने गल्ला मोजायचा आणि दुसऱ्या हाताने व्यसनमुक्तीची भित्तिपत्रके लावायची, अशी ही रीत आहे. त्यामुळे हे काम आपले आहे आणि ते आपल्यालाच करावे लागेल.

बाटलीला काय काय बांधले आहे

आता मूळ मुद्दा. बाहेरच्या माणसाला वाटते, दारू म्हणजे बाटलीतले पाणी आणि नशा. ती सोडली की झाले. पण आपल्या गावात बाटलीच्या गळ्याला काय काय बांधलेले असते ते बघा.

पहिली गोष्ट, हातउसने. बँक दार लावून घेते तेव्हा हजार-दोन हजार रुपये मिळतात ते सोबत बसणाऱ्याकडून. दुसरी गोष्ट, कामाची देवाणघेवाण. तुझी बैलजोडी माझ्याकडे दोन दिवस, माझी तुझ्याकडे. ही सावड ठरते ती संध्याकाळी बसल्यावर. तिसरी गोष्ट, बातमी. कोणत्या जिनिंगमध्ये आज काय भाव फुटला, कुठले बियाणे उगवले नाही, कुणाचा कडबा विकायला आहे, हे सारे तिथे कळते. चौथी, सोयरीक. पाचवी, निवडणूक. आणि सहावी, जी सगळ्यात मोठी, ती म्हणजे मन मोकळे करणे. दिवसभर मान खाली घालून वखर हाकणारा माणूस बायकोजवळ रडत नाही, बापाजवळ रडत नाही. दोन घोट पोटात गेल्यावर सोबत्याजवळ रडतो.

वर्षाचे पंचांगसुद्धा तसेच. पोळ्याचा दुसरा दिवस. सीतादही. जिनिंगवर बंडी खाली झाल्याची संध्याकाळ. बैलाचा सौदा. दिवाळीनंतरची मंडई आणि रात्रभर चालणारे झाडीपट्टीचे नाटक. लग्नाची आदली रात्र, तेरवीची रात्र. आणि आपल्या गोंड, माडिया भावांकडे तर मोहाचे झाड हेच देवासमान. देवापुढे मोहाचे थेंब सोडल्याशिवाय विधी पुरा होत नाही.

तेव्हा एखाद्या गड्याने दारू सोडली म्हणजे फक्त पव्वा सोडला असे होत नाही. त्याने एका फटक्यात पतपेढी सोडली, सावड सोडली, बातमीपत्र सोडले, सोयरे सोडले आणि रडायची जागाही सोडली. एवढे सगळे एकट्याने सोडायचे म्हटल्यावर भलाभला गडी डगमगेल. त्याला मनाचा कच्चा म्हणू नका.

कायद्याने काय होते, काय होत नाही

आपला भाग या बाबतीत सगळ्या महाराष्ट्राला शिकवील एवढा अनुभवी आहे. १९८२ पर्यंत चंद्रपूर आणि गडचिरोली हा एकच जिल्हा होता. गडचिरोलीत १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून गावोगावच्या बाया दारूविरुद्ध उभ्या राहिल्या, डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने त्या कामाला बळ दिले, आणि १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. चंद्रपूरच्या बायांनी डिसेंबर २०१० मध्ये पारोमिता गोस्वामी यांच्या 'श्रमिक एल्गार'बरोबर चिमूर ते नागपूर पायी मोर्चा काढून विधानसभेचे दार वाजवले. १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूर जिल्ह्यात बंदी आली. मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवण्याचा निर्णय घेतला. ब्रह्मपुरीहून वैनगंगा ओलांडली की पलीकडे बंदी, अलीकडे खुली, असा हा मामला.

बंदीच्या त्या सहा वर्षांची किंमत या नागभीडने मोजली आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये इथल्याच ठाण्याचे उपनिरीक्षक छत्रपती चिडे दारू तस्करांची गाडी अडवायला गेले आणि त्या गाडीने त्यांना चिरडले. त्यांची आठवण ठेवूनच या विषयावर बोलले पाहिजे.

बंदी असावी की नसावी, यावर या मांडवात दोन मते आहेत आणि दोघांकडेही सांगण्यासारखे आहे. तो वाद आज मिटणार नाही. मी एवढेच म्हणतो की कायद्याची धाव दुकानापर्यंत. दुकान हटले तर बाईमाणसाला रस्त्याने नीट चालता येते, नव्या पोराच्या हाती बाटली सहज पडत नाही. हे फायदे लहान नाहीत. गावातल्या बायांच्या मतदानाने बाटली आडवी करण्याची सोय २००८ च्या नियमात आहे, ती जरूर वापरा. पण बैठकीची जागा कायदा भरून काढू शकत नाही. बंदी असली तरी संध्याकाळ होतेच, आणि बंदी उठली तरी होतेच. त्या संध्याकाळचे काय करायचे ते गावाने ठरवायचे आहे.

गाडगेबाबांनी पंगत मोडली नाही

आपल्याच वऱ्हाडातले उदाहरण घेऊ. देबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे आपले गाडगेबाबा. जन्म १८७६, अमरावती जिल्ह्यातले शेणगाव. बाप दारूपायी लवकर गेला. पोर आजोळी दापुऱ्याला वाढले. तिथे मामाची जमीन सावकाराच्या घशात जाताना त्यांनी डोळ्याने पाहिली. दारू आणि कर्ज या दोन्ही जखमा त्या घराला होत्या. तेव्हा बाबांना हा विषय कीर्तनासाठी कुठून आणावा लागला नाही.

पुढे देबूजींना मुलगी झाली. बारशाला जातभाईंना मटण आणि दारू घालायची ही रीत. न घातली तर नाव जाईल, अशी धास्ती. देबूजींनी काय केले? दारू वाईट म्हणून बारसेच रद्द केले का? जातभाईंना बोलावणे बंद केले का? घराला कडी लावून बसले का? नाही. सगळ्यांना बोलावले, पंगत बसवली, आणि पानात गोड जेवण वाढले.

यात मोठे शहाणपण आहे. त्यांनी पंगत मोडली नाही, पानातला पदार्थ बदलला. जातभाईंना सांगितले की नाते तेच आहे, मान तोच आहे, फक्त दारू नाही. लोकांनी कुरकुर केली असेल, पण कुणाला उपाशी किंवा अपमानित होऊन परत जावे लागले नाही. दारू सोडणाऱ्याने गाडगेबाबांकडून शिकायचे ते हे. जो सोडतो त्यानेच पुढच्या पंगतीचे यजमान व्हावे. लोक मला बोलावतात की नाही, याची वाट बघत बसू नये. मी लोकांना बोलावतो, असे करावे.

तुकडोजी महाराजांनी हेच दुसऱ्या वाटेने केले. चिमूरकडच्या मंडळींना वेगळे सांगायला नको. गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना रोज संध्याकाळी ठेवली, ती नेमक्या त्या वेळेला. माणूस शेतातून येतो, हातपाय धुतो आणि त्याचे पाय आपोआप कुठेतरी वळायला लागतात, तीच ही वेळ. तिथे सतरंजी अंथरली, खंजिरी वाजली, गावकरी एका रांगेत बसले. देव मानणारा देवासाठी बसला, न मानणारा सोबतीसाठी बसला. संध्याकाळ भरून निघाली.

साता समुद्रापलीकडेही लोक याच अनुभवाला आले. १९३५ साली अमेरिकेत अॅक्रन नावाच्या गावी दोन पट्टीचे पिणारे एकमेकांना भेटले. त्यातला एक शेअर बाजारातला माणूस, दुसरा डॉक्टर. डॉक्टर असून स्वतःची दारू सुटत नव्हती. एका पिणाऱ्याने दुसऱ्या पिणाऱ्याशी खरे बोलत बसायचे, एवढ्यावर त्यांचे काम सुरू झाले. त्यातून 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' उभी राहिली. ती १९५७ पासून भारतात आहे आणि तिच्या मराठी बैठकाही भरतात. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' सुरू केले. तिथेही उपचार करून माणूस घरी गेला की काम संपले असे मानत नाहीत. घरी गेलेल्यांच्या बैठका भरतात, बायकांचा वेगळा गट बसतो. म्हणजे सगळ्यांनी शेवटी बैठकच मांडली, फक्त मधली बाटली उचलली.

ज्याने सोडली त्याच्यासाठी

आता रोजच्या वापरातले बोलू.

सगळ्यात आधी जिवाचे. जो अनेक वर्षे रोज, सकाळपासून पितो, त्याने शपथ घेऊन एका रात्रीत बंद करू नये. अशा माणसाची दारू एकदम तुटली की हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत झटके येतात. काहींना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भास होतात, माणूस बडबडतो, कुणाला ओळखत नाही. घरचे म्हणतात बाधा झाली आणि मांत्रिकाकडे नेतात. ही बाधा नाही. हा आजार आहे आणि तो जीव घेऊ शकतो. सरकारी दवाखान्यात न्या. त्यावर औषधे आहेत, आणि पिणाऱ्याच्या शरीरात ब-१ जीवनसत्त्वाची तूट असते, तीही भरून द्यावी लागते. गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ'चे काम चालू आहे. फोनवर विचारायचे असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ हे सरकारी क्रमांक आहेत. लाज वाटत असेल तर शेतात जाऊन फोन करा.

दुसरे. पहिले दोन-तीन महिने जागा टाळा, माणसे टाळू नका. हा फरक नीट ध्यानात घ्या. गुत्त्यावर, भट्टीवर, त्या ठराविक झाडाखाली जायचे नाही. "मी फक्त चकणा खातो" असे म्हणून तिथे जो बसतो, तो चौथ्या दिवशी पेला धरतो. पण ज्या सोबत्यांबरोबर बसत होतो, त्यांना दिवसा भेटा. धुऱ्यावर भेटा, पानठेल्यावर भेटा, आठवडी बाजारात भेटा. त्याच्या वेचणीला तुम्ही दोन माणसे पाठवा. त्याचा बैल आजारी पडला तर तुमचा घेऊन जा. हातउसने तोंडाने मागण्याआधी द्या, झेपेल तेवढे. तुमची मैत्री पेल्यावर उभी नव्हती हे कामाने दाखवले की तीच माणसे तुमच्या बाजूने बोलू लागतात.

तिसरे. उत्तर आधी ठरवून ठेवा आणि ते छोटे ठेवा. "सोडली." बस. "डॉक्टरांनी नाही म्हटले" असे म्हटले की लोक म्हणतात, थोडी चालते. "आज उपास आहे" म्हटले की उद्या आणतात. "सोडली" याला फाटे फुटत नाहीत. आणि हाती काहीतरी धरा, चहा धरा, ताक धरा. रिकाम्या हाताच्या माणसाला आग्रह फार होतो.

चौथे. लग्नाला जा, तेरवीला जा, मंडईला जा. न जाणे म्हणजे समाजातून स्वतःच उठून जाणे. पण काम मागून घ्या. वाढायला उभे राहा, मांडव बघा, पाण्याची टाकी बघा, नाटकाच्या तिकिटावर बसा. ज्याच्या हाती काम आहे त्याला कुणी कोपऱ्यात ओढत नाही. जाताना एखादा न पिणारा सोबती घ्या. आणि रात्र चढली, आवाज वाढले की यजमानाला सांगून निघा. लग्नात अहेर केला, पंगतीला जेवलो, तिथे आपला मान पुरा झाला.

पाचवे, देवाचे. आमच्या गोंड भावांना मी धर्म शिकवणार नाही. तो त्यांच्या वडीलधाऱ्यांचा विषय आहे. एवढेच विचारतो, देवापुढे थेंब सोडायचे आणि आपल्या घशात पेला ओतायचा, या दोन गोष्टी एकच आहेत का? थेंब देवाला पोचला म्हणजे विधी झाला, असे गावच्या वडीलधाऱ्यांनी ठरवले तर सोडणाऱ्याला देवही ठेवता येतो आणि शपथही. आणि मोह म्हणजे नुसती दारू नाही. मोहाची फुले भाकरीत गेली, लाडवात गेली, दुष्काळात घरे त्याने जगवली. झाडाचा मान राखायला भट्टीच लागते असे नाही.

सहावे. उपदेश करू नका. कालपर्यंत सोबत पिणारा आज कीर्तन करायला लागला की लोक त्याला टाळतात, आणि मग तो म्हणतो, समाजाने टाकले. कुणी वेगळा येऊन हळूच विचारले, "कशी सोडली रे?" तर त्याच्याबरोबर तासभर बसा. पण न विचारणाऱ्याच्या मागे लागू नका.

सातवे, खर्रा. आपल्याकडे दारू सुटते आणि खर्रा दुप्पट होतो. एका विहिरीतून निघून दुसऱ्या विहिरीत पडायचे कशाला?

आणि आठवे. घसरलात तर दुसऱ्या दिवशी परत या. डवरणीत तास चुकला म्हणून कुणी वावर टाकून देत नाही.

जे पितात त्यांच्यासाठी

या मांडवात पिणारे आहेत. नावे घेत नाही, काळजी करू नका. तुम्हाला सोडा असे आज मी म्हणत नाही. तुमच्याकडे माझ्या चारच मागण्या आहेत.

एक, ज्याने सोडली त्याला आग्रह करू नका. "आमच्यासाठी एक घोट" यात प्रेम कमी आणि आपल्याला सोबत हवी ही गरज जास्त असते. दोन, त्याची थट्टा करू नका. "साधू झाला", "बायकोचा झाला" ही वाक्ये हलकी वाटतात, पण पाच वेळा ऐकली की माणूस पेला धरून तोंडे बंद करतो. तीन, त्याच्याशी व्यवहार तोडू नका. सावड, उसने, बातमी हे चालू ठेवा. चार, आठवड्यातून एक बैठक बिनबाटलीची करा. हुरड्याच्या दिवसांत शेकोटीभोवती बसा. ज्वारीचा हुरडा, चटणी, चहा. भावावर बोला, पोरांच्या शिक्षणावर बोला. सुरुवातीला अर्धा तास अवघडल्यासारखे होईल. मग लक्षात येईल की गप्पा आपल्याच होत्या, बाटली त्या ऐकत होती एवढेच.

मायबहिणींसाठी

तुम्ही सोसले आहे, त्यामुळे तुम्हाला सांगायचा अधिकार मला कमी आहे. तरी दोन गोष्टी जिवाच्या आहेत म्हणून बोलतो. पहिली, दारू सोडवण्याचे औषध म्हणून नवऱ्याच्या नकळत भाजीत गोळी किंवा पूड घालू नका. डायसल्फिराम नावाच्या गोळीवर दारू पडली की तोंड लाल होते, ओकाऱ्या होतात, छातीत धडधडते, रक्तदाब घसरतो, माणूस दगावूही शकतो. ती गोळी डॉक्टरांच्या सांगण्याने, घेणाऱ्याला सगळे समजावून आणि त्याच्या मर्जीनेच द्यायची असते. दुसरी, घरात फवारणीचे औषध ठेवू नका. नशेत माणूस एका क्षणात जे करतो ते शुद्धीवर असताना करत नाही. डबे कुलपात, घरापासून दूर ठेवा. या एका गोष्टीने जीव वाचतात.

त्याने सोडली असेल तर पहिले काही दिवस मागचा हिशेब काढू नका. हिशेब खरा आहे, तो काढायचाच आहे, पण पाय जमिनीवर टेकू द्या. आणि त्याने सोडली नाही, हात उचलला, तर मात्र सोसत बसू नका. तेव्हा गट करून उभ्या राहा. या जिल्ह्याच्या बायांनी नागपूरपर्यंत पायी जाऊन दाखवले आहे.

संघटनेसाठी

शेवटी आपल्या स्वतःच्या अंगणात येऊ. मोर्चाला, मेळाव्याला ट्रॅक्टर निघतो तेव्हा सीटखाली काय असते ते मला माहीत आहे. मुक्कामाच्या रात्री काय होते तेही माहीत आहे. दारू सोडलेला कार्यकर्ता अशा मुक्कामाला यायला घाबरतो आणि हळूहळू संघटनेतून गळतो. आपण कष्टाने तयार केलेला माणूस असा घालवायचा हे परवडणारे नाही.

म्हणून या बैठकीपुढे तीन सूचना ठेवतो. संघटनेच्या प्रवासात आणि मुक्कामात बाटली असणार नाही. ज्याला प्यायची त्याने आपल्या घरी जाऊन प्यावी, संघटनेच्या कामावर नाही. दुसरी, चुकाऱ्याच्या दिवशी बाजाराला एकट्याने जायचे नाही. ज्याने सोडली आहे त्याच्यासोबत घरचे कुणीतरी किंवा गावचा एक कार्यकर्ता असावा आणि पैसा आधी घरी पोचावा. तिसरी, प्रत्येक गावच्या शाखेने आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवावी. जागा शाळेचा ओटा, समाजमंदिर, कुणाचेही अंगण. त्या दिवशी भावाचे कागद वाचायचे, कर्जाच्या नोटिसा वाचायच्या, चहा घ्यायचा. दारू सोडलेला तिथे येईल आणि पिणाराही येईल. दोघांना एका सतरंजीवर बसता आले पाहिजे. त्या बैठकीला व्यसनमुक्तीचा फलक लावू नका. फलक लावला की ज्याला गरज आहे तोच यायचा नाही.

मंडळी, दारू सोडणारा माणूस आपल्याकडे फार मोठे काही मागत नाही. काल ज्या जागी बसत होतो त्याच माणसांत आजही बसू द्या, एवढेच मागतो. ती जागा देणे आपल्या हाती आहे. त्यासाठी ना सरकारचा आदेश लागतो, ना पैसा. या तीन सूचनांवर तालुक्यावार बोला, विरोध असेल तर उघड मांडा, आणि पटले तर हात वर करून ठराव करा. पोळ्याच्या आधी गावात पहिली बैठक बसली पाहिजे, कारण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी दारी पेला येणार आहे. त्या वेळी त्याच्या शेजारी कोण बसलेले असेल ते आज ठरवा.